पेसमेकरची बॅटरी नऊवरून साडेसहा वर्षांवर कशी आली

माझ्या पेसमेकरच्या या ऑगस्टमधील तपासणीत बॅटरीच्या उरलेल्या आयुष्याचा आकडा साडेसहा वर्षे आला. गेल्या ऑगस्टमध्ये तो ९ वर्षे होता. मध्ये गेले एक वर्ष आणि कमी झाली अडीच वर्षे, ही तफावत महालेखाकार कार्यालयात लेखापरीक्षणाचे काम करून निवृत्त झालेल्या बाईच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. त्याच कागदावर आणखीही काही आकडे बदललेले होते. ते बदल कशामुळे झाले, त्यांपैकी कोणता माझ्या हृदयातला, कोणता यंत्रातला आणि कोणता केवळ मागच्या वेळी ठेवलेल्या सेटिंगचा परिणाम, हे समजून घेण्यासाठी मला जी विचारपूस करावी लागली, ती पेसमेकर असलेल्या इतरांना उपयोगी पडेल असे वाटल्याने लिहीत आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगते. २०२२ मध्ये मला वारंवार चक्कर येत असे आणि एकदा स्वयंपाकघरात मी शुद्ध हरपून पडले. हृदयाला ठोक्याचा इशारा देणारी जी मूळ गाठ वरच्या उजव्या कप्प्यात असते, तीच अधूनमधून काही सेकंद थांबत असल्याचे होल्टर तपासणीत, म्हणजे अंगावर यंत्र बांधून दिवसभर घेतलेल्या ईसीजीत, दिसले आणि नागपूरच्या धंतोलीतील एका रुग्णालयात मला दोन वायरींचा पेसमेकर बसवण्यात आला. एक वायर वरच्या कप्प्यात आणि दुसरी खालच्या कप्प्यात असते. माझा दोष वरच्या कप्प्यातला असल्याने खालच्या वायरीला फारसे काम नव्हते. वरून निघालेला इशारा माझ्या हृदयाच्या स्वतःच्या वाटेने खाली पोहोचत असे आणि यंत्र तो पोहोचतो की नाही एवढेच पाहत बसे.

तपासणीची पद्धत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की, ती कोणत्याही दिवशी जाऊन होत नाही. प्रत्येक कंपनीच्या पेसमेकरशी बोलणारे यंत्र वेगळे असते, त्याला प्रोग्रॅमर म्हणतात, आणि एका कंपनीच्या प्रोग्रॅमरला दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचता येत नाही. त्यामुळे आपल्या कंपनीचा तंत्रज्ञ कोणत्या दिवशी येणार हे रुग्णालयात फोन करून आधी विचारावे लागते, आणि त्या वेळी पेसमेकरचे ओळखपत्र हाताशी असलेले बरे. तेच ओळखपत्र मी जयप्रकाश नगरच्या मेट्रो स्थानकावर दाखवते. तेथील सुरक्षा चौकटीतून नेहमीच्या चालीने पुढे जाण्यास हरकत नसते, फक्त चौकटीपाशी रेंगाळू नये आणि हातातले तपासणी यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नये, एवढे पथ्य मला सांगितलेले आहे.

तर या ऑगस्टमध्ये काँग्रेस नगरला उतरून आम्ही दोघे धंतोलीत पोहोचलो. पलंगावर निजल्यावर हातापायांना ईसीजीच्या पट्ट्या लावल्या जातात, पेसमेकरच्या उंचवट्यावर साबणवडीपेक्षा थोडी मोठी अशी एक चकती ठेवली जाते आणि तंत्रज्ञ पडद्यावर पाहत एकेक परीक्षा घेत जातो. कातडीला सुई लागत नाही. तरीही ही तपासणी शरीराला अजिबात जाणवत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. तंत्रज्ञ यंत्राची गती मुद्दाम मिनिटाला ६० ठोक्यांवरून ५० वर, मग ४० वर आणतो, जेणेकरून यंत्राने माघार घेतल्यावर हृदयाचा स्वतःचा ठोका येतो का ते दिसावे. मागील वर्षांत मला याची जाणीवही झाली नव्हती. या वेळी गती ४० वर आली आणि छातीत पोकळी झाल्यासारखे वाटून कान भरून आले, छतावरचा पंखा दूर गेल्यासारखा भासला. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्या मुलाने बटण दाबून गती पूर्ववत केलीही होती. तो म्हणाला, "कायले घाबरता काकू, मी पाहूनच राहिलो न." पण त्याचा स्वतःचा चेहरा मात्र आधीपेक्षा गंभीर झालेला होता.

हातात दोन छापील पट्ट्या आल्या. एक तपासणीच्या सुरुवातीची, दुसरी सेटिंग बदलल्यानंतरची. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक जण फक्त शेवटची पट्टी फाइलला लावतात. पहिल्या पट्टीवर बॅटरी ७ वर्षे होती आणि दुसरीवर साडेसहा. म्हणजे अर्धे वर्ष तर त्या पलंगावरच, माझ्या डोळ्यांदेखत कमी झाले. आणखी एक गोष्ट ओघात सांगते. या पट्ट्यांचा कागद उष्णतेने छपाई होणारा असतो, त्यावरची अक्षरे कालांतराने उडतात, आणि नागपूरचा मे महिना त्याला हातभारच लावतो. घरी येताना वाटेतच त्यांच्या झेरॉक्स काढून घ्याव्यात.

बदललेल्या आकड्यांपैकी सर्वांत मोठा होता खालच्या कप्प्याच्या पेसिंगचा, म्हणजे यंत्राने तेथे दिलेल्या इशाऱ्यांचा. गेल्या वर्षी तो ४ टक्के होता, या वर्षी ७५ टक्के. वरच्या कप्प्याचा आकडा ६२ वरून ६४ झाला होता, म्हणजे जवळपास जागच्या जागी. पुण्याच्या मुलाला यांनी पट्टीचा फोटो पाठवला आणि त्याचा तत्काळ फोन आला, "आई, पंचाहत्तर टक्के मशीनवर म्हणजे तुझं हृदय फक्त पाव चालतंय का?" हा समज सार्वत्रिक आहे, म्हणून येथे थोडे थांबते. पेसिंगची टक्केवारी ही हृदयाच्या ताकदीची टक्केवारी नव्हे. शंभर ठोक्यांपैकी किती ठोक्यांचा इशारा यंत्राने दिला, एवढेच ती सांगते. इशारा कोणाचाही असला तरी आकुंचन पावण्याचे आणि रक्त ढकलण्याचे काम हृदयाच्या स्नायूलाच करावे लागते. ती ताकद इको तपासणीत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसते, पेसमेकरच्या पट्टीवर नाही.

तरीसुद्धा ४ चे ७५ का झाले हा प्रश्न उरलाच होता, आणि ७५ हा आकडा मला तसाही संशयास्पद वाटत होता. वर्षभराच्या खर्चाची सरासरी समान दिसली तरी तो खर्च एकाच महिन्यात झाला की बारा महिन्यांत, हे पाहिल्याशिवाय आम्ही कधी शेरा लिहीत नसू. मी डॉक्टर मॅडमना विचारले की, ही टक्केवारी कधीपासून मोजलेली आहे. त्यांनी सांगितले की, मागील तपासणीच्या दिवशी मोजणी शून्यावर आणली जाते आणि तेव्हापासूनची ती सरासरी असते. मग त्यांनी पडद्यावर आलेख उघडून दाखवला. गेल्या ऑगस्टपासून दिवाळी होईपर्यंत रेष तळाशी सपाट होती, नोव्हेंबरच्या मध्याला काही दिवसांत ती सरळ वर चढली आणि त्यानंतर ९९ च्या आसपास टेकलेली राहिली. म्हणजे ७५ टक्के अशी माझी स्थिती कोणत्याही दिवशी नव्हती. आधी ती ४ होती आणि नंतर ९९.

त्या नोव्हेंबरमध्ये मला काही झाले होते का, असे मॅडमनी विचारले. मला काहीही आठवेना, कारण मला काहीही झालेले नव्हते. आम्ही त्या दिवसांत रामटेकलाही जाऊन आलो होतो. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे इशारा नेणारी वाट बहुधा तेव्हा बंद पडली होती आणि यंत्राने तत्क्षणी खालच्या वायरीचे काम सुरू केले होते. पेसमेकर नसता तर हीच गोष्ट मला पुन्हा फरशीवर पडून कळली असती.

वाट बंद पडण्याची कारणे शोधताना मॅडमनी माझ्या औषधांची यादी मागितली. दिवाळीपूर्वी रक्तदाबासाठी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल सुरू केले होते. हे औषध इशाऱ्याची वाट मंदावू शकते, त्यामुळे दोष औषधाचा की हृदयाचा हे आधी वेगळे करणे आवश्यक होते. दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून ते औषध टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केले आणि रक्तदाबासाठी दुसऱ्या प्रकारचे औषध दिले. मेटोप्रोलॉल अचानक स्वतःहून सोडायचे नसते, हे मॅडमनी निक्षून सांगितले. पोटॅशियम आणि थायरॉइडच्या रक्ततपासण्याही झाल्या. त्या ठीक आल्या. काही आठवड्यांनी पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा खालच्या कप्प्याचे पेसिंग ९९ टक्केच होते. म्हणजे औषध निमित्तमात्रही नव्हते, वाट आपल्या आपणच निकामी झाली होती. वयानुसार या वाटेत तंतूंची झीज होते, आणि ज्यांची वरची गाठ बिघडलेली असते त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत पुढे हेही घडते, म्हणूनच सुरुवातीला एकच वायर न घालता दोन घातल्या होत्या, असा खुलासा झाला. २०२२ मध्ये दुसऱ्या वायरीच्या जादा खर्चावर मी घेतलेला आक्षेप यांना अजून पाठ आहे.

आता बॅटरीकडे येते. खालची वायर शंभर ठोक्यांत चार वेळा काम करत होती ती आता जवळजवळ प्रत्येक ठोक्याला करते, तेव्हा बॅटरी जास्त खर्च होणार हे उघड आहे. पण मग बॅटरी अनेक पटींनी का खालावली नाही? याचे उत्तर असे की, पेसमेकरच्या बॅटरीचा बराचसा खर्च ठोके देण्यावर होतच नाही. हृदयावर सतत लक्ष ठेवणे, नोंदी साठवणे हा त्याचा स्थायी खर्च आहे, आणि पेसिंग शून्य असले तरी तो चालूच असतो. म्हणून नऊवरून पहिल्या पट्टीवरच्या सातवर येताना एक वर्ष काळाचे गेले आणि या वाढीव कामाचे साधारण एकच.

दुसऱ्या पट्टीवरचे अर्धे वर्ष मात्र वेगळ्या कारणाने गेले. खालच्या वायरीचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या किमान व्होल्टला हृदय प्रतिसाद देते तो आकडा, ०.७५ वरून १ व्होल्ट झाला होता. ही परीक्षा घेताना तंत्रज्ञ गती थोडी वाढवतो आणि व्होल्ट पायरीपायरीने उतरवत नेतो. एक ठोका चुकला की थांबतो. तो चुकलेला ठोका छातीत जिना उतरताना पायरी हुकल्यासारखा लागतो. पाव व्होल्टचा फरक किरकोळ आहे, परीक्षेची एक पायरीच तेवढी असते, असे मॅडम म्हणाल्या. परंतु प्रत्यक्ष दिला जाणारा व्होल्ट थ्रेशोल्डच्या किमान दुप्पट असावा असा संकेत आहे. माझे आउटपुट २ व्होल्ट होते, म्हणजे अगदी काठावर, आणि आता यंत्राखेरीज माझ्या खालच्या कप्प्याला भरवशाचा ठोका नसल्याने ते अडीच करण्यात आले. एका ठोक्याची ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ चा वर्ग ४ आणि अडीचचा सव्वासहा, म्हणजे व्होल्ट सव्वापट झाला तरी प्रत्येक ठोक्याचा खर्च दीडपटीहून अधिक झाला. ते अर्धे वर्ष येथे गेले.

हाच हिशेब उलट दिशेनेही चालतो, आणि तो मला माझ्याच जुन्या फाइलमध्ये सापडला. पेसमेकर बसवला त्या वेळच्या पट्टीवर बॅटरी साडेसात वर्षे आहे आणि ३ महिन्यांनंतरच्या पट्टीवर ११ वर्षे. नवी वायर बसल्यावर तिच्या टोकाभोवती सूज येते, त्या काळात थ्रेशोल्ड वर जातो, म्हणून सुरुवातीला आउटपुट साडेतीन व्होल्ट ठेवतात आणि सूज ओसरल्यावर खाली आणतात. आउटपुट उतरले की अंदाज वाढतो. पट्टीवरचा बॅटरीचा आकडा हा शिल्लक साठा नसून, आजच्याच दराने खर्च चालू राहिला तर तो साठा किती पुरेल याचा अंदाज असतो. म्हणून त्याच्या शेजारी किमान आणि कमाल असे दोन आकडेही छापलेले असतात, जे कोणी वाचत नाही.

वायरींच्या रोधाचा आकडा ५४० वरून ४९० ओहम झाला होता आणि मला तो बॅटरीइतकाच खटकला होता. मॅडमनी तो जवळपास पाहिलाही नाही. रोधाची नोंद यंत्र रोज स्वतः घेते, त्यात थोडी वरखाली होतच असते. त्यांना भीती असते ती एकाएकी मारलेल्या उडीची. रोध दोन हजारांच्या पलीकडे गेला तर वायर आतून तुटली असेल किंवा तिचा सांधा सैल झाला असेल, आणि दोनशेच्या खाली कोसळला तर वरचे आवरण फाटले असेल, असा संशय घेतात. माझा आलेख वर्षभर एका पट्ट्यात होता.

याउलट ज्याकडे मी लक्ष दिले नव्हते ते मॅडमनी बोट ठेवून दाखवले. खालच्या कप्प्याच्या स्वतःच्या ठोक्याची उंची मिलिव्होल्टमध्ये लिहिण्याचा एक रकाना असतो. गेल्या वर्षी तेथे ११ होते, या वर्षी नुसती रेघ. ४० च्या गतीपर्यंत माझा स्वतःचा ठोका आलाच नाही, मग उंची मोजणार कशाची? पेसमेकरवर अवलंबून असलेला रुग्ण म्हणतात ते यालाच. माझ्या ओळखपत्राच्या मागे आणि केस पेपरवर आता तशी नोंद आहे, कारण पुढे कधी शस्त्रक्रियेत विद्युत चिमटा वापरायचा झाला किंवा एमआरआय करायचा झाला तर त्या डॉक्टरांना ही गोष्ट आधी कळली पाहिजे.

वरच्या कप्प्याच्या वेगवान ठोक्यांच्या काही नोंदीही होत्या, सर्वांत लांब २ मिनिटे ४० सेकंदांची. साठवलेला आलेख तपासून मॅडमनी ती खरी गडबड आहे, बाहेरचा विद्युत गोंधळ नाही, अशी खात्री केली. पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ करण्याचे औषध द्यायचे का, यावर त्या म्हणाल्या की, ६ मिनिटांच्या आतल्या नोंदींवर त्या ते देत नाहीत. त्याहून लांब नोंदी असलेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यांपैकी एकीत अशा औषधाने फायदा दिसला नाही आणि दुसरीत पक्षाघात कमी झाला, पण रक्तस्राव दोन्हींत वाढला. माझ्या वयाचा आणि रक्तदाबाचा विचार करून हा रकाना दर तपासणीत पाहायचा, असे ठरले.

राहिली इको. खालच्या कप्प्याला सतत उजव्या बाजूच्या वायरीने इशारा मिळत राहिला तर दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत आणि काही रुग्णांत कालांतराने हृदयाची पंपाची क्षमता घटते. माझी क्षमता २०२२ मध्ये ६२ टक्के होती, आता ५८ आली. चार टक्क्यांचा फरक तपासणाऱ्याचा हात बदलला तरी पडतो, त्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. ती ५० च्या खाली गेली, किंवा दम लागणे, पायांवर सूज येणे असे काही सुरू झाले, तर डाव्या बाजूलाही इशारा पोहोचवणारी वायर घालण्याचा किंवा हृदयाच्या मूळ वाहिनीच्या जाळ्यातच वायर बसवण्याचा पर्याय आहे. त्यासाठी इको आता दरवर्षी होईल आणि पेसमेकरची तपासणी दर सहा महिन्यांनी.

यांना मात्र साडेसहा वर्षांचीच काळजी होती. बॅटरी संपत आली की यंत्र बदलण्याची सूचना आधीच देते आणि त्यानंतरही साधारण ३ महिने ते काम करत राहते, शिवाय वायरी चांगल्या असल्या तर त्या तशाच ठेवून फक्त डबी बदलतात, हे ऐकून त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये ज्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिल्यांदा पेसमेकर बसवला, त्यांचे ते यंत्र काही तासांतच बंद पडले होते. पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. तेव्हाच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या जेमतेम दोनेक वर्षे टिकत. लिथियमच्या आल्या त्या सत्तरच्या दशकात.

निघताना मी मॅडमना एक प्रस्ताव दिला. पुढच्या तपासणीत थ्रेशोल्ड पुन्हा ०.७५ वर आला, तर आउटपुट २ व्होल्टवर आणून ते अर्धे वर्ष परत मिळवता येईल का? आकड्यांच्या दृष्टीने माझे म्हणणे बरोबर आहे, असे त्या म्हणाल्या. पण ज्या रुग्णाचा स्वतःचा ठोका येत नाही, त्याच्या बाबतीत सहा महिन्यांच्या बचतीसाठी अर्धा व्होल्ट कमी करायला त्या तयार नाहीत. हे उत्तर मी फाइलच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवले आहे.